गेनबाची बारा पाकिटं

एका गावात एक भोळा गवंडी होता. नाव गेनबा. सांगितलं ते करायचा. सांगितलं नाही तर काहीच करायचा नाही.

पाच वर्षांत त्याला तीन पोरं झाली. बायको कौसा म्हणाली, "आता चौथं झालं तर मी माहेरी जाते. चारही तुम्ही सांभाळा."

गेनबा घाबरला. आरोग्य केंद्रात गेला. नर्स विमलबाईंनी निरोधची बारा पाकिटं दिली. कसं वापरायचं ते नीट समजावलं. म्हणाल्या, "जपून ठेवा."

गेनबाला लाज वाटली. त्यानं पाकिटं शेणींच्या ढिगात पुरली. महिन्यानं विमलबाईंनी विचारलं, "वापरता ना?"

"छे! जपून ठेवलीत. कौसालासुद्धा पत्ता नाही."

"अहो, यात लाजायचं काय? मोकळेपणानं बोला!"

दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा होती. विषय होता पाण्याच्या टाकीचा. सरपंच म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय?"

गेनबा उठला. "माझ्याकडे निरोधची बारा पाकिटं आहेत. अजून एकही फोडलेलं नाही."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. कौसाही तिथंच बसली होती. ती हसली नाही. तीन दिवस घरात आमटीला मीठ नव्हतं.

विमलबाई म्हणाल्या, "चारचौघांत नाही हो! ज्यांच्याशी संबंध आहे, त्यांच्याशी बोला. दोघांनी मिळून ठरवा."

गेनबानं विचार केला. आपला संबंध जुळवला कुणी? सासऱ्यांनी. तो एस.टी.नं सासुरवाडीला गेला. म्हातारा चहा पीत होता.

"मामा, आपला संबंध आहे, म्हणून मोकळेपणानं बोलतो." त्यानं पाकिटं पुढं ठेवली. "तुम्ही वापरायची की मी, ते दोघांनी मिळून ठरवू."

मामांच्या नाकातून चहा आला. गेनबा त्याच एस.टी.नं परत आला.

विमलबाईंनी कपाळाला हात लावला. "कौसाशी बोला हो, कौसाशी! घरात, दार लावून! तोंड उघडून बोललात की निम्मं काम झालं म्हणून समजा."

गेनबा घरी गेला. दार लावलं. कौसा बाहेरच राहिली. तिनं कडी वाजवली, तेव्हा तिला आत घेतलं आणि पुन्हा दार लावलं.

मग तो बोलला. चांगलं बोलला. पोरं, तिची तब्येत, पाकिटं, सगळं बोलला. कौसाचा राग पार उतरला. तिनं लाजून पदर डोळ्यांवर ओढला. म्हणाली, "तुम्हाला बाईंनी शिकवलंय ना? मग पुढचं तुम्हीच बघा. मला बाई लाज वाटते."

तीन महिने घरात आनंदीआनंद होता. चौथ्या महिन्यात कौसाला सकाळी कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्या. ती गेनबाला दंडाला धरून आरोग्य केंद्रात घेऊन आली. विमलबाईंनी तपासलं, तेव्हा तिनं लाजून पुन्हा पदर डोळ्यांवर ओढला. विमलबाई गेनबाकडे वळल्या.

"काय हो, एखाद्या वेळी चुकलं का?"

"एकदाही नाही," गेनबा छाती काढून म्हणाला.

"मग पाकिटं संपली असतील. नवीन का नेली नाहीत?"

"संपतील कशी? बाराच्या बारा तशीच आहेत."

कौसानं पदर डोळ्यांवरून काढला. "तशीच? मग एवढे दिवस केलंत काय?"

"बाईच म्हणाल्या, एकदा बोललं की निम्मं काम होतं," गेनबा म्हणाला. "म्हणून मी दर वेळी तुझ्याशी दोनदा बोलायचो!"