टेकडीवरचे कोठार

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात उंच टेकडीवर औषधांचे कोठार होते. राजा मोठा उदार. त्याचा हुकूम होता, जो जे औषध मागेल त्याला त्याचे भरलेले पोते द्यावे. आता एका माणसाला एकच पोते पेलवणार. म्हणून एका खेपेला एकच औषध, अशी रीतच पडली. चिमूटभर सुंठ हवी असली तरी लोक पोते घेऊन उतरत, आणि पिंपळीसाठी पुन्हा टेकडी चढत. घरोघरी सुंठेला बुरशी येई.

पुढे कोठार एका बाईच्या हाती आले. एका दुपारी एक कुंभार धापा टाकत दारात आला.

“कोठारीणबाई, सुंठेचं पोतं द्या लवकर.”

“कशाला हवी?”

“बायको बाळंत झालीय. ताप उतरत नाही. वैद्यबुवांनी काढा सांगितलाय.”

“काढ्यात आणखी काय घालायचं?”

“पिंपळी आणि गुळवेल. त्यांच्यासाठी परत येतो.”

“आणि तोवर ताप वाट बघत बसेल होय? गुळवेल कुंपणावर नाही का तुझ्या?”

“आहे की. पण म्हटलं, कोठारातलीच लागत असेल.”

बाईने काढ्यापुरती सुंठ आणि पिंपळी मोजली, दोन पुड्या एकाच फडक्यात बांधल्या.

दारावरचा म्हातारा पहारेकरी कुरकुरला, “पोत्याऐवजी पुड्या? राजाची अब्रू घालवणार तुम्ही.”

“दादा, एकदा पोतं घेऊन उतरून बघा. मग अब्रूचं बोलू.”

कुंभार पळतच उतरला. दिवेलागणीला काढा उकळला, पहाटे बायकोचा ताप उतरला.

पहारेकऱ्याने चुगली केलीच. राजा स्वतः टेकडी चढून आला. वर पोहोचेपर्यंत त्याला दोनदा बसावे लागले.

“आमचा हुकूम मोडलास?” त्याने विचारले.

“मोडला, महाराज. दारात आलेल्याला मी आधी विचारते, घरी जाऊन काय करणार आहेस. मग तेवढं सगळं एकदम देते.”

राजा आपले दुखणारे गुडघे चोळत राहिला. मग हसून म्हणाला, “आजपासून हाच हुकूम.”

त्यानंतर कोठारात कधी तुटवडा पडला नाही. टेकडीची वाट इतकी मोकळी झाली की तिच्या कडेने गवत उगवले. कुंभाराची लेक पुढे त्याच गवतात खेळली.

तात्पर्य: घेणाऱ्याचे काम एका खेपेत व्हावे असे देणे, हेच खरे औदार्य.