येसाक्का सुईण आणि फाटक्या ओठाची ठकी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आपल्या उंबरडोहाला तेव्हा साधी गाडीवाटही नव्हती. गावात येसाक्का नावाची सुईण होती. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली, असं म्हणतात.

एकदा शेण गोळा करायला गेलेली येसाक्का पदरात मांजरीचं पिल्लू घेऊन आली. त्याच्या आईनं ते उकिरड्यावर टाकलं होतं. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, टाळूला भोक. दूध घातलं की नाकातून बाहेर यायचं.

बाया म्हणाल्या, "आक्का, देवानंच टाकलंय ते. तुम्ही कशाला उचलता?"

"देवानं टाकलं असतं तर ओरडायला आवाज कशाला दिला असता?" येसाक्का म्हणाली, आणि शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून बसली.

आडवं धरलं की पिल्लू गुदमरायचं. दोनदा तर गेलंच, असं वाटलं. मग तिनं त्याला उभं धरलं, बोळा गालाच्या आतून लावला, एक थेंब पिळला आणि ते गिळेपर्यंत थांबली. दिवसातून वीस वेळा हेच. बाळंतपणाला गेली तरी पिल्लू तिच्या ओच्यात असायचं. पिल्लू जगलं, आणि तिनं त्याचं नाव ठेवलं ठकी.

गावाला मात्र ठकीची धास्ती. दिवस गेलेल्या बाया येसाक्काच्या दारावरून जाताना तोंडावर पदर घ्यायच्या. एकटी तेल्याची सून सगुणा थांबायची आणि ठकीला कुरवाळायची. आणि नेमकी सगुणाला मुलगी झाली ती तशीच, ओठ फाटलेली, टाळू उघडी.

सासूनं कपाळ बडवून घेतलं. "त्या मांजरीचं तोंड बघितलंस, म्हणून माझ्या घरात हे आलं!" तिनं येसाक्काला लेकराला हातही लावू दिला नाही. दीड दिवस झाला, पोटात एक थेंब नाही. लेकराचं रडणं बारीक होत चाललं, आणि बाहेर चार गडी काठ्या घेऊन मांजर मारायला निघाले.

येसाक्का सगुणाच्या दारातच बसून होती. ती उठली. "मांजर माझ्या घरात आहे, दार उघडं आहे. मारायची तर मारा," ती म्हणाली. "पण लेकरू माझ्या मांडीवर द्या. मागं असंच एक लेकरू माझ्या हातून गेलं. तेव्हा मला पाजता येत नव्हतं. आता येतंय. त्या मुक्या जिवानं शिकवलंय."

तेव्हा ओली बाळंतीण सगुणा स्वतः खाटेवरून उतरली आणि तिनं पोर येसाक्काच्या मांडीवर ठेवली. येसाक्कानं पोरीला उभं धरलं, दुधाचा बोळा गालाच्या आतून लावला. एक थेंब. थांबली. पोरीचा गळा हलला. दुसरा थेंब. सासू भिंतीला टेकून रडायला लागली. काठ्या घेतलेले गडी तसेच उभे राहिले, आणि येसाक्काच्या घराकडं त्या दिवशी कुणीच गेलं नाही.

पुढं शंभर दिवस, पोरीला भूक लागायच्या आधी तीन आळ्या पलीकडं ठकी उठून येसाक्काचं लुगडं ओढायची, असं म्हणतात. एकदाही चुकली नाही. पोर मोठी झाली. बोलायची गेंगाणं, पण रानातून हाक मारली की ओढ्यापलीकडं ऐकू जायची.

येसाक्का गेली त्या दिवशी गावात सहा तान्ही होती, आणि सहाही पाळण्यांखाली एकाच वेळी ठकी बसलेली दिसली, असं म्हणतात. हसू नका. मी ऐकलं ते सांगतोय.

आता बाळंतपणं तालुक्याला दवाखान्यात होतात, बातमी फोनवर येते. तरी आपल्या गावात मुलगा की मुलगी, नाकीडोळी कसं, हे आधी कुणी विचारत नाही. आधी एकच विचारतात, "प्यालं का?" आणि पाजणारी आई असो, आजी असो, नर्स असो, तिकडून उत्तर येतं, "प्यालं. येसाक्काच्या हातचं प्यालं."