कोंडिबानं इंटरनेट लावलं

करंजमाळ नावाच्या गावात कोंडिबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? 'पाहुण्यांना दार दाखव' म्हटलं, की तो पाहुण्यांना घरातली सगळी दारं दाखवून आणायचा. कुठलं दार कुठल्या लाकडाचं, तेही सांगायचा. पण माणूस कामसू. एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळी भानगड त्यामुळंच व्हायची.

कोंडिबा गावच्या वाचनालयात शिपाई होता. वाचनालयाला कुणीतरी एक कम्प्युटर देणगी म्हणून दिला होता. कोंडिबाचा मेव्हणा सुभान पुण्याला कम्प्युटरच्याच कामात होता. त्यानं येऊन त्यात लिनक्स घालून दिलं. लिनक्स फुकट मिळतं आणि त्याच्यावर कम्प्युटर चालतो, एवढं गावाला समजलं. शेजारी त्यानं मोडेम नावाची एक डबी ठेवली. ही डबी टेलिफोनच्या तारेवरून नंबर लावायची, किंचाळायची, आणि मग इंटरनेट यायचं. कोंडिबाला ते नाव काही पटलं नव्हतं. 'मोडेम' म्हटलं की त्याला 'मोडेल' ऐकू यायचं. म्हणून तो तिच्यावरची धूळसुद्धा लांबून फुंकर मारून उडवायचा.

कोंडिबाची बायको गोदाक्का फुगडी पथकाची म्होरकी होती. तिच्या बायकांनी वर्षभर फुगड्या घालून देवळापुढचं अंगण झिजवलं होतं. आणि त्यांना थेट दिल्लीच्या एका मराठी मंडळाचं बोलावणं आलं. गावातली एकही बाई तोवर दिल्लीला गेलेली नव्हती.

एके दिवशी दुपारी मंडळाच्या चिटणिसांचा वाचनालयात फोन आला. आम्ही मेल पाठवलाय, त्यात काही प्रश्न आहेत, त्यांची लेखी उत्तरं दिवस मावळायच्या आत मेलनंच पाठवा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्या पथकाला जाईल, असं ते म्हणाले. ग्रंथपाल नेमके लग्नाला गेलेले. ग्रंथपाल रोज करायचे ते आठवत कोंडिबा कम्प्युटरपुढं बसला. इंटरनेट काही लागेना.

निरोप कळताच गोदाक्का धावत आली. तिच्याबरोबर तिची फुगडीतली जोडीदारीण तानूबाईही होती. गोदाक्का म्हणाली, "सुभानला फोन करा. आणि तो सांगंल तस्संच करा."

हे तिनं सांगायला नको होतं.

कोंडिबानं फोन लावला. सुभान म्हणाला, "दाजी, फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर आहे. आपण बोलतोय तोवर ते लागणार नाही. आधी फोन ठेवा."

कोंडिबा म्हणाला, "बरं."

त्यानं फोन उचलला आणि रिसीव्हरसकट पुस्तकांच्या कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं. इंटरनेट लागलं नाही. बऱ्याच वेळानं कपाटातून 'दाजी, दाजी' असा बारीक आवाज यायला लागला, तेव्हा तानूबाई भिंतीला जाऊन चिकटली. कोंडिबानं कुलूप काढलं. सुभाननं त्याला नीट समजावलं, की रिसीव्हर फोनवर असतो, तो फोनवरच ठेवायचा. जिथली वस्तू तिथंच ठेवायची, इकडंतिकडं न्यायची नाही.

"जिथलं तिथंच, जिथलं तिथंच," असं पुटपुटत कोंडिबानं रिसीव्हर फोनवर ठेवला आणि परत कम्प्युटरकडं आला. टेबलामागं पाहतो तर मोडेमची वायर निसटून जमिनीवर पडलेली. जिथलं तिथंच. त्यानं वायरीला बोट लावलं नाही. उलट कुणाच्या पायानं हलू नये म्हणून अंगणातून एक दगड आणून तिच्यावर ठेवला.

इंटरनेट लागलं नाही. पुन्हा फोन. सुभाननं विचारलं, वायर मोडेमला आहे ना? कोंडिबानं अभिमानानं दगडाची हकिगत सांगितली. सुभाननं ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाला, "दाजी, सुटलेलं टोक दिसलं की ते जोडायचं असतं. आणि मोडेम किंचाळायला लागलं की घाबरू नका. किंचाळू द्या. किंचाळून गप झालं की काम झालं समजा."

कोंडिबा म्हणाला, "बरं."

त्यानं वायर जोडली. आणखी कुठं सुटलेलं टोक आहे का, म्हणून बघितलं. बाकावर गोदाक्का आणि तानूबाई शेजारीशेजारी बसल्या होत्या. दोघींच्या पदराची टोकं मागं सुटलेली. कोंडिबानं ती एकमेकांना जोडली. चांगली निरगाठ मारली.

तेवढ्यात मोडेम किंचाळलं. काय झालं म्हणून दोघी दोन बाजूंना उठल्या आणि बाकासकट आडव्या झाल्या. मोडेमपेक्षा त्याच जास्त किंचाळल्या. कोंडिबा शांतपणे बघत उभा राहिला. तानूबाई हात मागत होती, पण त्यानं दिला नाही. शेवटी दम लागून दोघी गप झाल्या, तेव्हा तो म्हणाला, "काम झालं."

गोदाक्का कोपर चोळत उठली. एरवी तिनं त्याला वाचनालयाबाहेर घालवलं असतं. पण ऊन पायरीवरून खाली उतरलं होतं आणि कम्प्युटरला हात लावू शकेल असा गावात दुसरा कुणी नव्हता. ती एवढंच म्हणाली, की आता माणसांकडं बघू नका, त्या पेटीकडं बघा.

पेटीवर इंग्रजीत काहीतरी आलं होतं आणि इंटरनेट गेलं होतं. पुन्हा फोन. सुभान म्हणाला, एक हुकूम टाइप करावा लागेल. कोंडिबा सातवीपर्यंत शिकलेला, इंग्रजी अक्षरं त्याला लावता यायची. सुभाननं एकेक अक्षर सांगितलं, कोंडिबानं एकेक बोटानं हाणलं. मग सुभान म्हणाला, "आता जागा सोडा."

कोंडिबा उठला आणि पायरीवर जाऊन बसला. गोदाक्कानं त्याला हाताला धरून आत आणलं. सुभाननं सांगितलं, दोन शब्दांच्या मधली जागा हो दाजी, तुम्ही बसा. हुकूम कसाबसा पुरा झाला. पडद्यावर काही हलेना. सुभान म्हणाला, "जुनं मशीन आहे. जरा कळ काढा."

"कुठली काढू?" कोंडिबानं विचारलं.

सुभानला वाटलं, दाजी चेष्टा करतायत. तो हसला. म्हणाला, कुठलीही काढा.

कोंडिबानं चाकूच्या टोकानं कीबोर्डची एक कळ उपटून काढली आणि ती खिशात ठेवली. मग ती पुन्हा बसवण्यात आणखी वेळ गेला. गोदाक्का दारातून मावळतीकडं बघत होती. ती काही बोलत नव्हती. कोंडिबाला ते दिसलं. आजवर ती त्याच्यावर ओरडायची, ते त्याला चालायचं.

तो फोनवर म्हणाला, "सुभान, काही कर बाबा. तुझी बहीण गप झालीय."

सुभानलाही वाईट वाटलं. पडद्यावर आता प्रश्न येत होते. हे बदलू का, ते पुसू का. कोंडिबा प्रत्येक प्रश्नावर विचार करत बसला होता. सुभान म्हणाला, "दाजी, आता डोकं चालवू नका. ते काय विचारंल त्याला हो म्हणायचं. वाय दाबायचा. काहीही विचारू दे, हो."

"काहीही विचारलं तरी हो, काहीही विचारलं तरी हो," असं म्हणत कोंडिबानं फोन ठेवला, अगदी जागच्या जागी. हो. हो. हो. मोडेमनं नंबर लावला, किंचाळलं, गप झालं. इंटरनेट लागलं.

गोदाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बायकांना सांगायला देवळाकडं पळाली.

कोंडिबानं मेल उघडला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आपण येणार हे नक्की ना? हो. गाडीत जागा कमी आहेत, काही बायका मागं ठेवता येतील का? हो. अगदीच अडचण आली, तर एकाच व्यक्तीनं येऊन फुगडी करून दाखवली तर चालेल का? हो. हे उत्तर लिहिणारी व्यक्तीच ती का? हो. खाली नाव लिहा. कोंडिबानं आपलं नाव लिहिलं आणि मेल पाठवून दिला. सूर्य अजून टेकडीवर होता.

थोड्या वेळानं देवळापुढच्या सगळ्या बायका वाचनालयात आल्या. कुणी कोंडिबाला पेढा भरवला. तेवढ्यात फोन वाजला. दिल्लीहून चिटणीस बोलत होते. फोन गोदाक्कानं घेतला. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

तिनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "बाकीच्या जागा त्यांनी दुसऱ्या पथकाला दिल्या. कोंडिबाबाईंचं एकटीचं तिकीट काढलंय म्हणतायत. आता चोळीचं माप विचारतायत. देऊ का?"

कोंडिबा म्हणाला, "हो."