रेशमी पटातली आठवी

एका राज्यात चंद्रकेतू नावाचा राजा होता. शूर खराच, पण खोड मोठी वाईट. जे हाती येईल त्यावर बोटातली मुद्रा उमटवायची! घोडा आला, मार शिक्का. भोपळा आला, त्यावरही शिक्का. आता बोला!

एके दिवशी चीन देशीच्या सौदागराने जुना रेशमी पट नजर केला. उलगडला तो काय, सात रूपवती! कुणी वीणा छेडते, कुणी केस विंचरते, कडेला एक सारस पक्षी, आणि कोपऱ्यात सात तांबडे शिक्के. राजाने मागचापुढचा विचार न करता आठवा हाणला. तत्क्षणी शेजारची राणी कुमुदिनी नाहीशी झाली, आणि पटात आठवी होऊन उभी राहिली!

राजकन्या केतकीने हंबरडा फोडला. तेव्हा पटातला सारस बोलला. जो या पटावर मालकी सांगतो, त्याची राणी हा पट गिळतो. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शिक्का धुतला नाही, तर या सातजणींसारखी तीही पटातच अडकेल. धुवायला नागसरोवराचं पाणी हवं, राक्षसाच्या रानातला रिठा हवा, आणि शिक्का मारणाऱ्याचा हात हवा.

पहिल्या दिवशी केतकीने नागाशी झुंजून पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी राक्षस घोरत असता रिठे तोडले. तिसऱ्या दिवशी राजा बाह्या सरसावून बसला. घासतोय, घासतोय, शिक्का जाईल तर शपथ!

"महाराज, मुद्रा अजून बोटातच आहे," सारस म्हणाला.

राजाने ती ऐरणीवर ठेवून घणाने फोडली. शिक्का पाण्यात विरघळला! राणीने एक पाऊल बाहेर टाकलं आणि थांबली.

"या सातजणींना टाकून मी येणार नाही."

दिवस मावळायला घटकाच उरली होती! त्या सातजणींचे राजे केव्हाच मातीला मिळालेले, त्यांचे शिक्के धुणार कोण? मग राजाच्या मनात आलं, निदान क्षमा तरी मागावी, आणि मागायची तर नाव घेऊन मागावी. मुकुट उतरवून त्याने पहिलीपुढे गुडघे टेकले.

"बाई, तुमचं नाव काय?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "मेईलान," ती म्हणाली, आणि तिचा शिक्का आपोआप गळून पडला. राजा दुसरीपुढे गेला, तिसरीपुढे गेला! सातवीचं नाव कानी पडलं आणि सूर्य बुडाला. रेशीम सळसळलं, आठहीजणी दरबारात उतरल्या. केतकीने आईला अशी मिठी मारली की दोघींना श्वास घेता येईना.

राजाने सातहीजणींना पालख्यांतून, नंतर गलबतांतून आपापल्या मुलखात पोचवलं. जशी केतकीला आई भेटली, तशी ज्याची त्याला आपली माणसं भेटोत.