मागच्या चाकाचा चावा

एकदा एक म्हातारा सायकल-मिस्त्री होता आणि त्याच्याकडे चाकं बांधायला शिकणारी एक मुलगी होती. मिस्त्रीचं नाव गुलाब, मुलीचं शलाका. मिस्त्री आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर परवा देई. शलाकाला ते आत्ता हवं असे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या दुकानात आली होती, आणि "अनुभवाने कळेल" हे शब्द कानावर पडले की तिचं डोकं तापे. अनुभव म्हणजे ज्यांना समजावून सांगता येत नाही त्यांनी शोधलेली पळवाट, असं तिचं स्पष्ट मत होतं, आणि ते ती मिस्त्रीच्या तोंडावर बोलून दाखवी. मिस्त्री हसे आणि समोरच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत राही.

गावामागच्या डोंगरावर दर हिवाळ्यात एका गिअरच्या सायकलींची शर्यत होत असे. चढ आला म्हणून गिअर बदलायचा नाही, कारण बदलायला दुसरा गिअरच नाही. पाय आणि डोंगर यांचा समोरासमोर सामना. माथ्याच्या अलीकडे सातपायरी नावाचा टप्पा होता: एकावर एक असे सात दगड, प्रत्येक गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा. तिथे ज्याचा पाय जमिनीला लागला, तो शर्यतीतून बाद.

गेल्या वर्षी शलाका तिसऱ्या दगडावर पडली होती. तिने जीव खाऊन पायडल दाबलं, ते क्षणभर पोकळीत गेल्यासारखं निसटलं, मग मागच्या चाकाला असा हिसका बसला की सायकल एकीकडे आणि ती दुसरीकडे. ध्वनिक्षेपकावर बोलणारा निवेदक म्हणाला होता, "ताईंनी पुढच्या वर्षी गिअरची सायकल आणावी, म्हणजे त्रास नाही!" सगळे खदखदून हसले. ते वाक्य तिला वर्षभर सलत होतं. या वर्षी पाय न टेकता सातपायरी चढायची, एवढी एकच गोष्ट तिला जगाकडून हवी होती.

दोष कुणाचा, हे तिने शोधून काढलं होतं. मागच्या चाकाच्या मधोमध असतो तो हब. त्याच्या पोटात स्प्रिंगवर बसलेले लोखंडाचे छोटे तुकडे असतात. मिस्त्री लोक त्यांना कुत्री म्हणतात. पायडल पुढे दाबलं की ही कुत्री आतल्या दातांना चावतात आणि चाक ओढतात. पाय थांबला की सरकतात, टिकटिकतात आणि चाकाला मोकळं फिरू देतात. तिच्या जुन्या हबात कुत्री दोनच आणि दात सोळा. एक चावा सुटला की दुसरा बसेपर्यंत पायडल बरंच मोकळं फिरे. त्या मोकळिकीनेच आपल्याला पाडलं, याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती.

शर्यतीला बारा दिवस उरले असताना सुट्या भागांचा एक व्यापारी दुकानात आला. त्याने पिशवीतून दोन हब काढून पाटावर ठेवले. एक मध्यम, छत्तीस दातांचा. दुसरा निळा, आरशासारखा चकचकीत. त्याने निळा हब हातात धरून फिरवला आणि दुकानात रातकिडे शिरल्यासारखा अखंड आवाज घुमला.

"एका फेऱ्यात एकशेवीस टिचक्या, ताई! पाय हलला न हलला की चावा बसलाच. यापुढे विज्ञान नाही. दोन दिवसांनी याच वाटेने परतेन. एक ठेवा, एक द्या."

व्यापारी गेला. शलाकाने निळा हब उचलला.

"काका, ठरलं. हाच."

"कशावरून?"

"पाय आणि चाक यांच्यात मोकळीक जितकी कमी तितका हब चांगला. सरळ गणित आहे."

"म्हणजे मोकळीक अजिबातच नसली तर?"

"तर सर्वोत्तम!"

मिस्त्रीने मान डोलावली, आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेला एक हब घेऊन तो बाहेर आला. त्यात कुत्री नव्हतीच. मागची दातेरी चकती हबावर थेट घट्ट बसवलेली. पाय फिरला तर चाक फिरणार, चाक फिरलं तर पायाला फिरावंच लागणार. तरुणपणी गोल मैदानावरच्या शर्यतींत मिस्त्री तो वापरत असे. आणि मग जो माणूस एका पंक्चरला दोन तास लावी, त्याने त्या दुपारी एका बैठकीत त्या हबावर बत्तीस आरे ओवले, चाक सरळ केलं, ते शलाकाच्या सायकलीला चढवलं आणि दोन्ही ब्रेक स्वतः ओढून पाहिले.

"हे काय चाललंय, काका? डोंगरावर असला हब कुणी लावतं का?"

"तू मागितलास तो लावला. उद्या सकाळी सातपायरीपर्यंत जाऊन ये."

"पण का, ते सांगाल?"

"जाऊन ये."

रागाने शलाकाच्या नाकपुड्या फुलल्या. पण उत्सुकता रागाहून मोठी होती.

सकाळी पहिल्याच चढावर तिच्या तोंडून आनंदाची आरोळी फुटली. पायाने विचार करावा आणि चाकाने तो पूर्ण करावा! मधे काही नाही, टिकटिक नाही, उशीर नाही. आपल्या मांड्याच जमिनीला चिकटून फिरत आहेत असं तिला वाटत होतं. करवंदीच्या जाळ्या भराभर मागे पडत होत्या. निळा हबसुद्धा नको, हाच घेऊन शर्यतीत उतरायचं, आणि त्या निवेदकाच्या पुढ्यातून असं झर्रकन जायचं की माईक त्याच्या हातातून गळून पडावा!

पहिला दगड चढली. दुसरा चढली. तिसऱ्याशी आली तेव्हा तिचा जोराचा, उजवा पाय नेमका तळाला होता. दगडावर चढायचं तर पाय वरून दाबायला हवा; म्हणजे पायडल जरा मागे घेऊन पुन्हा वर आणायला हवं. तिने ते मागे ओढलं. पण मागे ओढायला मोकळीक होती कुठे? पाय मागे खेचला तसं चाकच अडलं. सायकल जागच्या जागी थिजली, आणि शलाका गेल्या वर्षी पडली होती त्याच दगडावर, त्याच कुशीवर पडली.

उतारावर तर हाल कुत्रा खाईना. चाक धावत होतं आणि पायांना विसावा द्यायला तयार नव्हतं. एका वळणावर खाली आलेलं पायडल दगडाला घासलं, दुसऱ्या वळणावर निसटलेलं पायडल फिरून नडगीवर बसलं. शेवटचा मैल ती सायकल हातात धरून चालत आली आणि दुकानाच्या उंबऱ्यातूनच कडाडली.

"सांगायचं होतंत ना!"

"पोरी, सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"ऐकलं असतं!" तिने सायकल भिंतीला टेकवली. कोपरातून रक्त येत होतं. "इतकी वर्षं तुम्ही हे एकच वाक्य शिकणाऱ्यांच्या तोंडावर फेकत आलात. एकदा तरी सांगून बघितलंत का, कुणी ऐकतं की नाही ते?"

मिस्त्रीचा हात थांबला. मग त्याने पान्हा खाली ठेवला, पाणी आणि स्वच्छ फडकं आणून तिचं कोपर पुसलं आणि म्हणाला, "नाही. कधीच नाही बघितलं. बस. आज सांगतो."

शलाका बसली.

त्याने तिचा जुना, सोळा दातांचा हब तिच्या मांडीवर ठेवला. "चकती मागे फिरव. आता हळूच पुढे आण. थांब. काय झालं?"

"टक् झालं. चावा बसला."

"त्या आधी तुझ्या बोटाला काय लागलं?"

"काहीच नाही. मोकळं होतं."

"गेल्या वर्षी तू सगळं वजन टाकलंस ते याच मोकळ्या जागेत. चावा बसायच्या आधी. म्हणून हिसका बसला. तू पडलीस ती मोकळीक होती म्हणून नाही, पोरी. तिच्यात धाडकन उडी मारलीस म्हणून पडलीस. ती असते पाय मागे घेता यावा, नीट जागी आणता यावा, उतारावर निवांत ठेवता यावा म्हणून. आधी पाय नुसता टेकवायचा. टक् कळलं की मग आख्खं वजन टाकायचं, काही राखून ठेवायचं नाही. माणसांशी बोलतानाही तू अशीच. समोरच्याचा कान अजून लागलेला नसतो आणि तुझा पाय पडलेला असतो."

शलाकाने ओठ चावला. बोलणं वर्मी लागलं होतं, पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आणि तुम्ही? तुम्ही या सोळा दातांच्या हबासारखे! माणसाने दाबत राहावं, दाबत राहावं, आणि चावा बसायचा परवा!"

मिस्त्री इतका हसला की त्याला ठसका लागला. "खरं आहे," तो म्हणाला. "दात वाढवायला हवेत मला."

"मग निळा घेऊ?"

एरवी त्याने उत्तर परवावर ढकललं असतं. आता तो म्हणाला, "त्याचे दात बघ, किती बारीक आहेत. एकाच गिअरवर उभं राहून सगळं अंग टाकशील त्या दिवशी ते टिकतील याची खात्री मी देणार नाही. माझं मन जुन्यावर आहे. दोनच कुत्री, पण जाडजूड."

शलाकाने जुना, छत्तीसचा आणि निळा असे तिन्ही हब आळीपाळीने फिरवले. डोळे मिटून, बोट नुसतं टेकवून. बऱ्याच वेळाने तिने मधला उचलला. "छत्तीसचा. दात सोळाच्या हबाइतके जाड नाहीत, पण माझं वजन पेलतील. मोकळीक आहे, पण पाय वाट बघत बसणार नाही. तुम्ही म्हणता तो जुना नको."

मिस्त्रीने तो हब हातात घेऊन फिरवला, कानाशी नेला. "मलाही इतका नेमका निवडता आला नसता," तो म्हणाला. "आरे आण."

शर्यतीच्या दिवशी शलाका तिसऱ्या दगडाशी आली तेव्हा तिचा उजवा पाय पुन्हा तळालाच होता. दोन्ही कडांना माणसं दाटली होती, कुणी शिट्ट्या मारत होतं. तिने पायडल मागे घेतलं. टिकटिक. वर आणलं. पाय नुसता टेकवला. त्या सगळ्या गलक्यात चावा बसल्याचा आवाज तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. तो तिच्या तळव्याला कळला. टक्. आणि मग तिने वर्षभराचा सगळा राग, सगळी हौस, सगळं अंग त्या एका पायावर टाकलं. चौथा दगड. पाचवा. सहावा. सातवा!

शर्यतीत ती चौथी आली. पहिला कोण आला, हे तिने विचारलंही नाही.

माथ्यावर तोच निवेदक उभा होता. त्याला ऐकवायचं वाक्य ती वर्षभर घासून धार लावून बाळगत होती. ते ओठांवर आलं. पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

"दादा," ती साध्या आवाजात म्हणाली, "पाणी मिळेल?"

त्याने वळून बाटली पुढे केली, तिच्या छातीवरचा क्रमांक पाहिला, चेहरा पाहिला, आणि त्याला ओळख पटली. शलाकाला ती पटताना दिसली.

"गिअर एकच आहे," ती म्हणाली. "मोजून घ्या."

तो खाली वाकला आणि त्याने खरोखरच मोजला. मग माईक तोंडाशी नेऊन, न हसता, ते सगळ्या डोंगराला सांगितलं.

खाली दुकानात त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने विचारलं, माझी चेन सारखी का उतरते? गुलाबमिस्त्रीने पान्हा ठेवला आणि त्याला लगेच, तिथल्या तिथे, समजावून सांगितलं.

आपला शब्द समोरच्याच्या मनात कुठे चावतो ते आधी हलक्या पायाने चाचपावं. आणि एकदा चावा बसला की वजन टाकायला कचरू नये.