सहीचा कागद

“तपासणीत प्रोग्रॅम नऊशे वेळा पास झाला, सर. मग चूक कुसुमचीच ना?”

कौस्तुभने पाथरकर सरांना विचारलं. तालुक्याच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं मराठी टायपिंग शिकवलं. कौस्तुभ त्यांचाच विद्यार्थी. कुसुमही.

डायलिसिसच्या पाळ्या नोंदवायचा प्रोग्रॅम कौस्तुभने केला होता. तो तपासायला एक कॉम्प्युटर वेगळा ठेवला होता. हा कॉम्प्युटर आपला आपणच बटणं दाबायचा, रकाने भरायचा, नोंद झाली की नाही ते बघायचा.

कुसुम दवाखान्यात नोंदी करायची. तिने नूरभाई या पेशंटची डायलिसिसची वेळ टाकली. पडद्यावर दिसली, पण प्रोग्रॅममध्ये नोंदली गेली नाही. नूरभाई दिवसभर बाकावर बसून राहिला. त्याचं नाव यादीत नव्हतं.

डायलिसिस न होताच तिसऱ्या दिवशी तो वारला.

“तिने आकडे मराठीत टाकले,” कौस्तुभ म्हणाला. “प्रोग्रॅमला इंग्रजी लागतात.”

“तुझ्या तपासणीत हे दिसलं नाही?”

“आधी दिसायचं. कुणीतरी मराठी कीबोर्ड चालू ठेवायचं, की तपासणी नापास. रोजची कटकट. शेवटी त्या तपासणीच्या कॉम्प्युटरवरून मराठी काढूनच टाकलं. कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर एकदाही नापास नाही.”

“वा.”

“चौकशी लागलीय, सर. कुसुमने चुकीचं टाइप केलं, एवढंच लिहून द्या. टायपिंग तिला तुम्हीच शिकवलंय, तुमचा शब्द मानतील.”

“तिची नोकरी जाईल.”

“नाहीतर माझी जाईल.”

“नूरभाईचं काय गेलं रे?”

सरांनी वर्गातल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

“बस. तूच टाइप कर. मी सही करतो.”

कौस्तुभचा चेहरा उजळला. कीबोर्डकडे न बघता त्याने मजकूर उतरवला. बोटं शिकवल्यासारखीच चालली. कागद छापून त्याने सरांपुढे ठेवला.

सरांनी चष्मा लावला. पहिल्याच ओळीवर थांबले. तारखेखाली त्यांनी नखाने रेघ ओढली.

आकडे मराठी होते.

कौस्तुभने पाहिलं. कानापर्यंत लाल झाला.

“सवय आहे, सर… हात आपोआप…”

“हं.”

सरांनी पेनला टोपण लावलं. कागद त्याच्याकडे सरकवला.

“आधी तुझ्या कॉम्प्युटरला दे. तो पास करू दे, मग मी सही करतो.”