दमलेली मासोळी

किनाऱ्यालगतच्या समुद्रात, प्रवाळाच्या एका खडकावर, बोटाएवढी एक मासोळी राहत होती. अंग पिवळंधमक, त्यावर निळा पट्टा. दुसऱ्या माशांच्या अंगाला आणि तोंडात चिकटलेले किडे टिपून खायचे, हेच तिचं काम आणि हेच जेवण.

उजाडलं की खडकासमोर रांग लागायची. "मासोळीताई, माझं आधी कर गं!" मासोळी कुणालाच नाही म्हणत नसे. पोट केव्हाच भरलेलं असायचं, अंग ठणकायचं, पण रांग संपेपर्यंत ती थांबायची नाही.

शेजारच्या कपारीत एक कोळंबी राहायला आली. तिलाही हेच काम येत होतं. "थोडे मासे माझ्याकडे पाठव की," ती एकदा म्हणाली. मासोळीने तिला उडवून लावलं. "माझ्यासारखं कुणाला जमायचं नाही."

एका दुपारी गोब्रा आला. त्या खडकावरचा सगळ्यात थोराड मासा. त्याने जबडा उघडला आणि मासोळी नेहमीसारखी आत शिरली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिने चावा घेतला, तो किड्याला नाही, गोब्र्याच्या हिरडीला.

कळ मस्तकात गेली, तसा गोब्र्याने जबडा मिटला. मासोळी आतच!

ती धडपडली नाही. तिच्या मनात आलं, 'चला, इथे रांग तरी नाही.' आणि गोब्र्याच्या दातांपेक्षा तिला या विचाराचीच जास्त भीती वाटली.

जबडा उघडला. "बाहेर ये, पोरी. मी उपाशी असतो, तर आज तू संपली होतीस."

"चुकले, आजोबा."

"चुकली नाहीस, दमलीस. किती दिवस झाले नीट झोपून?"

मासोळीला आठवेना. ती तशीच कोळंबीच्या कपारीशी गेली. बोलताना तिची मान वर होईना. "बाई, आजची उरलेली रांग बघशील का?"

"बघते. तू टेक जरा," कोळंबी म्हणाली. मागचं काही तिने काढलं नाही.

मासोळी दोन दिवस झोपली. जाग आल्यावर तिने हळूच डोकावून पाहिलं. कोळंबीचं काम सावकाश चाललं होतं, पण नीट चाललं होतं. कुणीही मासोळीची चौकशी करत नव्हतं. तिला जरा वाईट वाटलं. मग तिने कूस बदलली आणि ती पुन्हा झोपी गेली.

तात्पर्य: आपल्यावाचून सगळ्यांचं अडेल असं समजून झिजत राहू नये. 'दमले' म्हणायला आणि शेजाऱ्याची मदत मागायला कसली आलीय लाज?